वाऱ्याच्या भरवशावरची बस

जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणाऱ्यांना एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतो. ‘फोक्सवॅगन टाइप टू, १९६६, तेरा खिडक्या, एअर-कूल्ड. उंची कमी केलेली. इंजिन १७७६ सीसी. पुढे डिस्क ब्रेक. आत नवं लाकूडकाम, झोपायची सोय.’ सोबत फोटो असतो. गोल नाक, त्यावर दोन्ही बाजूंनी उतरत येऊन मधोमध टोकाला मिळणारी रंगाची रेघ, दोन तुकड्यांची पुढची काच, टपोरे दिवे. खाली किंमत असते आणि ती वाचून डोळे विस्फारतात. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात १९६३ सालची अशीच एक बस दोन लाख डॉलरच्या वर गेली होती. या जातीची पहिली गाडी १९५० मध्ये कारखान्याबाहेर पडली तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद जेमतेम २५ अश्वशक्ती होती.

मला त्या किमतीपेक्षा जाहिरातीतला एकेक शब्द जास्त भुलवतो. हवेवर गार होणं, खिडक्यांचा हिशेब, कमी केलेली उंची, वाढवलेलं इंजिन. यातला कुठलाही धागा ओढा, तो एकाच ठिकाणी जाऊन पोचतो. ही गाडी जन्मली तीच मुळी दुसऱ्या गाडीत फेरफार करून. ज्याला आपण आज ‘मॉडिफाय केलेली’ म्हणतो, ती या बसची पहिली अवस्था होती.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीतला वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात होता. तिथे बीटल तयार होत होती, पण कारखान्याच्या आवारात सुटे भाग इकडून तिकडे न्यायला साधनं अपुरी होती. म्हणून बीटलच्याच सांगाड्यावर सपाट फळी टाकून एक हातगाडीवजा वाहन तिथल्या तिथे बनवलं गेलं. चालक सगळ्यात मागे, इंजिनाच्या वर बसायचा आणि पुढे माल. त्याला प्लाटेनवागेन म्हणत. बेन पॉन नावाचा डच व्यापारी बीटल खरेदी करायला तिथे आला होता. त्याने ही विचित्र गाडी पाहिली आणि २३ एप्रिल १९४७ रोजी वहीच्या एका पानावर चार रेघा मारल्या. पावाच्या लादीसारखी पेटी, मागे इंजिन, अगदी पुढे चालक, मधे ७५० किलो माल. ते पान आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. एखाद्या शाळकरी मुलाने काढावं इतकं साधं चित्र, पण गाडीचा सगळा विचार त्यात आलेला आहे.

तो विचार वजनाचा होता. चालक पुढच्या चाकांवर बसतो, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं आणि ओझं दोन्हींच्या मधे येतं. त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार जवळजवळ समतोल राहतो. इंजिन लहान आणि बसकं असल्यामुळे पुढे नाक काढायची गरज उरत नाही. रस्त्यावरची जेवढी लांबी गाडी अडवते, तेवढी जवळपास सगळी माणसांच्या किंवा मालाच्या कामी येते.

कागदावरून पत्र्यावर येताना मात्र कस लागला. १९४८ च्या सुरुवातीला कारखान्याची सूत्रं हाइन्झ नोर्डहॉफ यांच्याकडे आली आणि आल्फ्रेड हेस्नर यांच्या हाताखालच्या मंडळींनी पहिला नमुना बीटलच्याच तळपत्र्यावर उभारला. चाचण्यांमध्ये तो तळ ओझ्याखाली खचला. मग खालून आडव्या-उभ्या पट्ट्यांचा मजबूत सांगाडा आला आणि वरची पेटी त्याला जोडून एकजीव केली गेली. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयातल्या वाऱ्याच्या बोगद्यात कळलं की सपाट तोंड हवेला फार अडवतं. तोंडाला गोलाई दिली आणि अवरोधाचा अंक ०.७५ वरून ०.४४ पर्यंत उतरला. ज्या गोल नाकावर जग लुब्ध झालं, ते वाऱ्याने घडवलेलं आहे. २५ अश्वशक्तीत एवढं धूड चढावर जावं म्हणून मागच्या चाकांजवळ गिअरच्या छोट्या पेट्या बसवल्या. ही युक्ती युद्धातल्या क्यूबेलवागेन या लष्करी गाडीची. चाकाचे फेरे कमी, पण जोर जास्त, आणि गाडी जमिनीपासून थोडी उंचही होते. या पेट्या लक्षात ठेवा, त्या पुढे पुन्हा लागतील. ८ मार्च १९५० रोजी नियमित उत्पादन सुरू झालं. सहा वर्षांनी ते हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यात गेलं आणि १९६२ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

आता जाहिरातीतल्या त्या शब्दाकडे येऊ. एअर-कूल्ड.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचतो. उरलेल्यातला बराचसा धुराड्यातून निघून जातो, पण एक मोठा वाटा इंजिनाच्या अंगातच मुरतो आणि तो सतत बाहेर काढावा लागतो. बहुतेक गाड्या हे काम पाण्यावर सोपवतात, आणि ते बरोबरच आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. मग हवेवर भिस्त ठेवायची कुणाची हिंमत होईल? गंमत अशी की हवेच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. पाण्याच्या इंजिनात धातूभोवतीचं पाणी शंभर अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. हवेच्या इंजिनात धातू त्याहून कितीतरी गरम चालतो. धातू आणि हवा यांच्या तापमानात जितकी तफावत मोठी, तितकी उष्णता झपाट्याने सुटते. वर सिलिंडरभोवती पातळ पातळ पंख ओतलेले असतात, त्यामुळे हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो.

तरीही नुसत्या वाऱ्यावर भागत नाही, कारण इंजिन गाडीच्या पाठीमागे दडलेलं आहे. समोरून वारा येतो तो मोटारसायकलच्या इंजिनाला. इथे वारा तयार करावा लागतो. चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे पडलेले असतात. त्यांच्या वर पत्र्याचं एक मोठं कवच आणि कवचात पंखा. पंखा इंजिनापेक्षा जवळपास दुप्पट वेगाने फिरतो आणि सेकंदाला शेकडो लिटर हवा खाली सिलिंडरांवर दाबतो. ज्यांनी बजाजची चेतक खोलून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. फ्लायव्हीलवरचा पंखा, सिलिंडरवरचं पत्र्याचं झाकण, फटीतून निघणारी ऊन ऊन हवा. तेच तत्त्व, इथे चार सिलिंडरांसाठी.

या व्यवस्थेतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाताच्या पंजाएवढा आहे. पंखा आणि डायनॅमो एकाच दांड्यावर बसवलेले आहेत आणि दोघांना फिरवणारा पट्टाही एकच. पट्टा तुटला की वीज बंद होते आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. दिवा विजेचा, पण तो सांगत असतो वाऱ्याची बातमी. दिवा लागला की गाडी तिथल्या तिथे उभी करायची, पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणायचं नाही. आता तो पट्टा ताणायचा कसा, ते पाहा. डायनॅमोची पुली दोन अर्धुकांची असते आणि मधे पातळ वायसर घातलेले असतात. पट्टा सैल पडला की नट खोलायचा आणि मधला एक वायसर काढायचा. अर्धुकं जवळ येतात, पट्टा पुलीच्या खाचेत वर सरकतो आणि आपोआप ताणला जातो. काढलेला वायसर कुठे ठेवायचा? तिथेच, नटाखाली, पुलीच्या बाहेरच्या अंगाला. म्हणजे तो हरवत नाही, आणि नवा पट्टा घालायची वेळ आली की हाताशी असतो. ज्याने हे सुचवलं, त्याला रस्त्याच्या कडेला एकट्या पडलेल्या माणसाची काळजी होती असं मला नेहमी वाटतं.

हवेखेरीज आणखी एक कामकरी आहे, तो म्हणजे तेल. या इंजिनात फक्त अडीच लिटर तेल मावतं. वंगण तेच, गारवाही तेच. तेलाचा कूलर पंख्याच्या कवचातच उभा असे, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरला मिळणारी हवा आधी कूलरमधून तापून यायची. बिचारं तिसरं सिलिंडर कायम गरम. कंपनीने पुढे १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र वाट करून दिली. जुन्या मिस्त्रींना अजूनही व्हॉल्व्ह बघायचे झाले तर हात आधी तिसऱ्याकडे जातो.

महाराष्ट्राशी या इंजिनाचं एक नातं आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये ‘विडाल आणि मुलगा’ नावाची कंपनी टेम्पो या नावाने छोटी मालवाहनं बनवत असे. १९४९ मध्ये तिने मॅटाडोर नावाची व्हॅन आणली आणि तिच्यात बसवलं फोक्सवॅगनचंच २५ अश्वशक्तीचं हवेवर गार होणारं इंजिन. फोक्सवॅगनची स्वतःची बस बाजारात स्थिरावली तसा हा पुरवठा १९५२ मध्ये थांबला आणि टेम्पोला दुसरी इंजिनं शोधावी लागली. त्याच टेम्पोशी करार करून १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली. पुढे पुण्याजवळच्या आकुर्डीतून निघालेली मॅटाडोर पाण्याची होती, डिझेलची होती, पण लग्नाचं वऱ्हाड आणि भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या त्या चौकोनी गाडीची पणजी आणि ही फोक्सवॅगन बस कधी काळी एकाच इंजिनावर धावत होत्या.

जाहिरातीत ‘पॅसेंजर’ शब्द आला की अमेरिकेतल्या कोंबड्यांची आठवण होते. साठच्या दशकात युरोपातल्या देशांनी अमेरिकेहून येणाऱ्या स्वस्त कोंबड्यांवर जबर कर लावला. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयातकर बसवला. ट्रकांच्या व्याख्येत टाइप टूचा पिकअप आणि बिनखिडक्यांची मालव्हॅन सापडली. आत बाकं आणि बाजूला काचा असलेली तीच पेटी मात्र प्रवासी गाडी ठरली आणि वाचली. अमेरिकेत तिथून पुढे प्रवासी बसच मुख्यतः जात राहिली, आणि आज तिथे पिकअप दुर्मीळ का, याचं एक उत्तर कोंबडीच्या भांडणात आहे. नवल म्हणजे हलक्या ट्रकांवरचा तो कर अजून कायम आहे.

खिडक्यांचा हिशेब तर चवीने करण्यासारखा. पुढची काच दोन तुकड्यांची म्हणून दोन, पुढच्या दारांच्या दोन, साध्या मायक्रोबसला प्रत्येक बाजूला तीन म्हणजे सहा, मागे एक. अकरा झाल्या. डीलक्स मॉडेलमध्ये बाजूला तीनऐवजी चार लहान खिडक्या, म्हणजे तेरा. मागच्या दोन कोपऱ्यांत वळणदार काचा धरल्या की पंधरा. आणि छताच्या दोन्ही कडांना चार-चार अरुंद काचा आल्या की तेवीस. हीच ती सांबा. आल्प्समध्ये सहलीला नेलेल्या प्रवाशांना मान वर करून शिखरं दिसावीत, ही त्यामागची कल्पना. १९६४ च्या मॉडेलपासून मागचं दार रुंद झालं, कोपऱ्यातल्या दोन काचा गेल्या आणि सांबा एकवीस खिडक्यांची झाली. खिडक्या वाढल्या की किंमत वाढते हे कळल्यावर व्हायचं तेच झालं. साध्या व्हॅनचा पत्रा कापून, वेल्डिंग करून तिची तेवीस खिडक्यांची सांबा करणारे निघाले.

झोपायची सोय हाही फेरफारच. वीडनब्रुक गावातल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये या बससाठी एक लाकडी पेटी केली. शनिवारी ती गाडीत चढवायची, तिचा पलंग आणि ओटा करायचा, आणि सोमवारी उतरवून पुन्हा मालाच्या फेऱ्या सुरू. पुढच्या पिढीने त्या गाडीत घरच थाटलं. इस्तंबूल, तेहरान, काबूल, खैबरखिंड, लाहोर, दिल्ली असा जमिनीवरचा रस्ता धरून युरोपातली पोरंपोरी साठ-सत्तरच्या दशकांत कळंगुट-हणजुण्याच्या किनाऱ्यावर पोचली, ती बस, ट्रक, रेल्वे, मिळेल त्या वाहनाने. पण त्यांत या फोक्सवॅगन भरपूर होत्या. इराण-अफगाणिस्तानच्या वाळवंटी उन्हात पाणी उकळायची भीती नाही, अनातोलियाच्या थंडीत पाणी गोठायची भीती नाही, कारण पाणीच नाही. कागदपत्रांवर या गाड्यांना आपल्याकडे तात्पुरताच प्रवेश असे. मुदतीत देशाबाहेर न नेल्यास जबर आयातशुल्क, म्हणून त्या बहुतेक आल्या तशा परतल्या. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि तो रस्ताच मिटला.

युरोपात ही आकृती १९७९ मध्ये थांबली, तरी ब्राझीलमध्ये ती कोंबी नावाने चालू राहिली. तिथे हवेवरचं इंजिन २००५ च्या अखेरीपर्यंत बनत होतं, आणि पाण्याचं इंजिन घालून कोंबी २०१३ पर्यंत. एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले तेव्हा तिचा नाइलाज झाला.

एवढं कळल्यावर जाहिरात पुन्हा वाचली की ती निराळीच दिसते. ‘उंची कमी केलेली’ म्हणजे काय केलं असेल? बहुधा मागच्या चाकांजवळच्या त्या गिअरच्या पेट्या काढल्या असतील, कारण त्या असताना गाडी फार खाली बसत नाही. पेट्या गेल्या की गिअर लांब होतात. सपाट रस्त्यावर गाडी निवांत पळते, चढावर मात्र इंजिनाचा दम निघतो. म्हणून इंजिन मोठं करायचं. १५८४ सीसीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर, तो ९०.५ केला की झाले १७७६. ताकद वाढली, उष्णताही वाढली. म्हणजे तेलाला जादा कूलर हवा. वेग वाढला म्हणजे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक हवेत. एक बदल दुसऱ्याला आवतण देतो आणि दुसरा तिसऱ्याला. चांगल्या कारागिराने केलेली गाडी ती, जिथे ही साखळी शेवटपर्यंत नेलेली आहे. मधेच सोडलेली असेल, तर ती देखणी असूनही धोक्याची.

म्हणून मी खरेदीदाराला आधी मागचं झाकण उघडायला सांगेन. क्रोम किती चमकतंय ते सोडा, पत्रे पाहा. इंजिनाच्या चारही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या आणि कडेला रबर असतं. वर गार हवेची खोली आणि खाली गरम हवेची, अशा दोन खोल्या त्याने होतात. नवं इंजिन चढवताना यातले पत्रे पुष्कळदा परत बसवलेच जात नाहीत, ‘बिनकामाचे’ म्हणून. मग खालची तापलेली हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा सिलिंडरांवर मारत राहतो. सिलिंडरांखाली पितळी भात्याचा एक छोटा थर्मोस्टॅट असतो, तो गरम झाला की फुगून झडपा उघडतो. तोही बऱ्याच गाड्यांतून गायब असतो. नंतर पेट्रोलच्या नळ्या. इंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, आणि मॅग्नेशियम एकदा पेटलं तर पाण्याने विझत नाही. तडकलेली पेट्रोलची नळी या गाडीच्या जिवावर बेतते. नळ्या नव्या असल्याशिवाय फेरफटका मारायला बसूच नका.

मग वाका. दाराखालच्या पट्ट्या, बॅटरीखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, तळाचे आडवे सांगाडे, छताची पन्हाळ. गंज इथे आधी येतो आणि रंगाखाली लपतो. चेसिसचा क्रमांक इंजिनाच्या खोलीत ठोकलेला सापडेल. ऑगस्ट १९६४ नंतरच्या गाडीत पहिला आकडा टाइप टूचा २, दुसरा बॉडीच्या प्रकाराचा, तिसरा मॉडेलच्या वर्षाचा. दुसरा आकडा १ असेल तर ती मालव्हॅन म्हणून जन्मली, मग बाजूला खिडक्या कितीही असोत. पुढच्या बाकामागे एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर रंग, बाहेर पडल्याचा दिवस, कुठल्या देशासाठी, कोणकोणत्या सोयी, सगळं सांकेतिक आकड्यांत. पट्टी आणि जाहिरात जुळते का ते पाहावं. मालव्हॅनची सांबा केली यात माझ्या मते पाप काही नाही, या गाडीचा वंशच तसा आहे. मात्र ते सांगून विकावं.

यांतल्या काही बसमध्ये आता विजेची मोटर बसवतात, खुद्द फोक्सवॅगननेही तसा एक नमुना दाखवला. रस्त्याला ते सोयीचं असेल. मला विचाराल तर मी पंखा ठेवीन. तो पट्टा, ते वायसर, तो लाल दिवा काढून घेतला की उरते ती सुरेख पेटी, आणि माझं प्रेम पेटीच्या मागच्या टोकावर आहे.

चालवून पाहायची वेळ आली की गाडी गार असतानाच सुरू करायला लावावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. एखादा लांब चढ तिसऱ्या गिअरवर नेऊन, वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून थांबावं आणि मंद गतीला तेलाचा दिवा लुकलुकतो का ते पाहावं. आणि सौदा करताना एक प्रश्न जरूर विचारावा: काढलेले मूळ भाग कुठे आहेत? मागच्या चाकांच्या त्या पेट्या, मूळ डायनॅमो, पुढचे ड्रम, पत्र्यांचे तुकडे. ज्याने ते चिंध्यांत गुंडाळून, तेल लावून, नावं लिहून ठेवले असतील, त्याच्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसेल.